नऊ नंबरचं घर

झाल्का फुर्लान हे नाव फक्त दवाखान्यात आणि करखात्यात चालायचं. दोलिन्ये गावात तिला कुणी फुर्लान म्हणून हाक मारली असती, तर तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नसतं. गावाला ती ‘शिंप्याकडची झाल्का’. त्या घरात सुईदोरा धरणारा शेवटचा माणूस जाऊन दीडशे वर्षं झाली, पण घर शिंप्याचं ते शिंप्याचंच. आमच्याकडे नाव घराला असतं, माणसं नुसती त्या नावाखाली राहायला येतात. झाल्काचा नवरा खालच्या खोऱ्यातून घरजावई म्हणून आला, तर आठ दिवसांत तोही शिंप्याकडचा झाला. बारा वर्षांपूर्वी वारला तेव्हा गावभर निरोपही तसाच गेला, शिंप्याकडचा गेला म्हणून.

आता या घरात तीन बाया आणि आठ गाई. झाल्का, तिची म्हातारी आई अंगेला, आणि राजधानीतली बसून खायची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी परत आलेली मुलगी उर्शा. उर्शाला चीज करायचं होतं, आणि तेही वर राव्हनिकाच्या कुरणात, उन्हाळाभर गाईंसोबत राहून, तांब्याच्या मोठ्या कढईत. पोरगी हुशार, हाताला चव, आणि हट्टी तर इतकी की विचारू नका. पण राव्हनिकाला गाई न्यायचा हक्क गावातल्या बावीस घरांनाच. शिंप्याकडच्यांना नाही. खालच्या गवतावर आठ गाईंचं भागत नव्हतं. मैदानातला एक व्यापारी गाई बघून गेला होता. मे महिना लागला की घेऊन जाणार होता.

"एप्रिलमध्ये कुरणवाल्यांची बैठक आहे," उर्शा म्हणाली होती. "त्यात हक्क मिळाला तर ठीक. नाहीतर मी परत जाते, आई. इथे बसून रिकामा गोठा बघणं मला जमायचं नाही."

ही गोष्ट नोव्हेंबरातली.

हक्काची कथा जुनी आणि कडू. युद्धानंतर सरकारने कुरण ताब्यात घेतलं, आणि पन्नास वर्षांनी परत दिलं. ते द्यायचं कुणाला? तर कैसराच्या, म्हणजे जुन्या सम्राटाच्या, काळातली १८७८ सालची एक यादी सापडली. बावीस ओळी. प्रत्येक ओळीत घराचा नंबर आणि मालकाचं आडनाव, बस्स. नववी ओळ होती ‘नंबर ९, लेबान’. गावात नऊ नंबरच्या घरात राहत होते लेबानच. घराचं नाव ‘देवळामागे’, चर्चच्या पाठीमागचं म्हणून. त्यांचा म्हातारा तेव्हा कुरणाचा अध्यक्ष होता. विषय संपला.

झाल्काचा बाप लोयझ त्या सभेला गेला होता. हातात टोपी घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "माझे वडील दरसाल गाई वर न्यायचे. मी लहानपणी त्यांच्याबरोबर गेलोय." देवळामागचा म्हातारा हसला. "नेत असतील की दुसऱ्यांच्या हिश्शात! फुर्लान तुम्ही, खिंडीपलीकडून चाकू-कात्र्यांना धार लावत आलेली माणसं. कागद आहे का?" कागद नव्हता. लोयझ टोपी पिळत घरी आला. त्यानंतर तो त्या विषयावर एक अवाक्षर बोलला नाही, आणि पुढच्याच हिवाळ्यात गेला.

अंगेलाने मात्र एक केलं. त्यानंतरच्या जूनमध्ये गावातल्या गाई सजवून वर जायला निघाल्या तशी तिने रस्त्याकडच्या खिडकीची लाकडी दारं धाडकन लावून घेतली आणि आतून आकडा घातला, तो पुन्हा काढलाच नाही. दर जूनला घंटांचा आवाज यायचा तो यायचाच. पण बघायचं नाही म्हणजे नाही. असं तीस वर्षं.

आता अध्यक्ष होता म्हाताऱ्याचा मुलगा, सिल्वो. झाल्काच्याच वर्गातला. माणूस वाईट नव्हता, पण जिभेला हाड नाही. झाल्का कागद शोधायला निघालीय हे कळल्यावर पावाच्या दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला, "शोध गं शोध! तुझा पणजोबा पाठीवर धार लावायचं खोकं बांधून आला, ते खोकं सापडलं तर त्यालाच एक हिस्सा देऊ आपण!"

लोक हसले. झाल्काच्या अंगाचा तिळपापड झाला. पाव घेऊन ती तडक घरी आली.

मग दर मंगळवारी पहाटेचं दूध काढून ती बसने राजधानीला जाऊ लागली. तिथल्या दप्तरखान्यात जुन्या जनगणनेची पत्रकं आणि पाद्रीबाबांच्या वह्या ठेवलेल्या. वाचनालयात मगदा नावाच्या बाई होत्या, चाळिशीच्या, गळ्यात चष्मा आणि चेहऱ्यावर कायम ‘इथे बोलू नका’. त्यांनी झाल्काला कागद कसा धरायचा, पान कसं उलटायचं ते शिकवलं. जर्मन मथळे असलेल्या त्या रकान्यांत नाव, जन्मसाल, धर्म, धंदा, किती गाई, किती डुकरं, सगळं होतं.

झाल्का शोधत होती फुर्लान. दुसरं काय शोधणार? सरकारी कचेरीत पाऊल टाकलं की आमची माणसं घराचं नाव दाराबाहेर चिखलाच्या बुटांसारखं काढून ठेवतात आणि कागदावरचं आडनाव घालून आत जातात. तीही तसंच करत होती. १९१० मध्ये फुर्लान सापडले, घर नंबर सतरा. १९०० मध्ये सापडले, सतरा. १८९० मध्ये, तेही सतरा. १८८० चं पत्रक गहाळ, आणि त्याआधीच्यात गावात सतरा नंबरवर भलतंच कुणीतरी. लग्नाच्या वहीत १८७१ साली ‘मतिया फुर्लान, खिंडीपलीकडचा, धार लावणारा’, नवरी नेझा, गावातली. त्याच्या आधी फुर्लान नावाचं चिटपाखरूसुद्धा नाही.

म्हणजे सिल्वो खरंच बोलत होता. खोकंच पाठीवर घेऊन आला होता पणजोबा.

मार्चच्या शेवटच्या मंगळवारी झाल्काने वही मिटली. डोळे चुरचुरत होते. चार महिने, सोळा खेपा, आणि शेवटी काय, तर शत्रूचंच म्हणणं स्वतःच्या हाताने शाबीत केलं. घरी जाऊन उर्शाला काय सांगणार होती ती? आणि तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन खणखणला. शांत वाचनालयात तो असा काही वाजला की समोरचे एक गृहस्थ खुर्चीतून उडालेच.

फोन गाईंच्या खाद्यवाल्याचा होता. "कोण बोलतंय?" तो ओरडला.

"अहो, शिंप्याकडची झाल्का! दोलिन्येची! गाडी उद्या पाठवा, आज नको!" झाल्का टेबलाखाली डोकं घालून कुजबुजली, पण तिची कुजबुज म्हणजे गोठ्यातल्या गाईला ऐकू जाणारी.

वर डोकं काढलं तर मगदाबाई समोर उभ्या. आता हाकलणार, झाल्काला वाटलं.

"आत्ता तुम्ही काय म्हणालात?"

"चुकलं बाई, बंद करते, पुन्हा नाही आणणार."

"फोनचं नाही विचारत. कुणाकडची म्हणालात?"

"शिंप्याकडची. घराचं नाव आहे ते. त्याचा इथे काय संबंध?"

मगदाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "चार महिने तुम्ही माझ्यासमोर बसलात, आणि हे मला आज सांगताय? अहो, दोनशे वर्षं पाद्रीबाबा दर उपवासाच्या दिवसांत घरोघर हिंडून माणसं मोजायचे. तान्ह्या पोरापासून गोठ्यातल्या गड्यापर्यंत. ते काय आडनावावर हिंडायचे? घराच्या नावावर! थांबा इथेच. हलू नका."

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांवर एक जाडजूड वही होती, कातडी पाठीची, कोपरे झिजलेली. टेबलावर ठेवून त्यांनी चष्मा लावला. एक एक घर उलटत गेलं. गिरणीवाल्याकडे. ओढ्याकाठी. लोहाराकडे. ही सगळी घरं तिच्या ओळखीची, तिथल्या पोरांना तिने लहानपणी खेळवलेलं. आणि मग पानाच्या माथ्यावर, ठसठशीत काळ्या शाईत, ‘शिंप्याकडे’.

त्याखाली घराचा नंबर. ९.

नऊवर आडवी रेघ मारलेली, आणि शेजारी तांबड्या शाईत १७. बाजूला पाद्रीबाबांची बारीक टीप होती. मगदाबाईंनी बोट न टेकवता ती वाचली. "१८८६ च्या आगीनंतर गावाला नवे नंबर दिले."

"नऊ," झाल्का म्हणाली. "नऊ आम्ही होतो?"

"होतात. १७८० पासून. खाली वाचा."

खाली माणसं होती. ब्लाझ लेबान, शिंपी आणि शेतकरी, १८७० साली वारला. त्याची बायकोही त्याच वर्षी. मागे राहिले मुलगी नेझा, वीस वर्षांची, आणि तिचा भाऊ याकोब, चार वर्षांचा. पुढच्या ओळीत मतिया फुर्लान, घरजावई. मतिया बाहेरचा, पण घर नेझाचं, आणि घर हलत नाही. पुढे फुर्लानांची नावं, एकाखाली एक, झाल्काच्या आजोबांपर्यंत. दोन पानांनंतर एक नवं घर होतं, ‘देवळामागे’. त्यावर तांबड्या शाईत नवा नंबर, ९. आणि मालकाच्या नावासमोर एक टीप, जी मगदाबाईंनी दोनदा वाचली आणि झाल्काने तिसऱ्यांदा वाचायला लावली.

झाल्का रडली नाही. ती उठली, आणि वाचनालयात कधी कुणी केलं नसेल ते तिने केलं. मगदाबाईंना मिठी मारून दोन्ही गालांवर मुके घेतले. समोरचे गृहस्थ पुन्हा उडाले.

"शिक्का हवा," ती म्हणाली. "प्रत्येक पानावर शिक्का हवा बाई. तोसुद्धा मोठा."

बैठक एप्रिलच्या चौथ्या रविवारी होती, चर्चमधली प्रार्थना सुटल्यावर, अग्निशामक मंडळाच्या सभागृहात. आमच्या गावातली सगळी भांडणं तिथेच होतात, कारण तिथल्या बाकड्यांना पाठ नाही आणि माणूस जास्त वेळ बसू शकत नाही. एकवीस घरांची माणसं होती, आणि अध्यक्षाच्या टेबलाशी सिल्वो, डोक्यावर हिरवी टोपी, समोर जुनी यादी. झाल्का आईला हाताला धरून आली. मागे उर्शा. अंगेलाने डोक्याला रविवारचा काळा रुमाल बांधला होता.

"या, या!" सिल्वो म्हणाला. "खोकं सापडलं का?"

"सापडलं," झाल्का म्हणाली. "भरलेलं सापडलं."

तिने शिक्क्याची पानं त्याच्या पुढ्यात ठेवली.

"तूच वाच. मी वाचलं तर म्हणशील बाई पदरचं घालते. चष्मा लाव आणि मोठ्याने वाच."

सिल्वोने चष्मा लावला. सुरुवातीला आवाज खणखणीत होता. "घर, शिंप्याकडे. नंबर..." तो थांबला.

"नंबर?" मागून फ्रान्सेल ओरडला. हा गावचा ट्रॅक्टरवाला, कुणाच्याही बाजूचा नाही, फक्त गमतीच्या बाजूचा. "अरे, नंबर वाच की! आकडा येत नाही का?"

"नऊ," सिल्वो म्हणाला. "नऊ खोडून सतरा. आगीनंतर."

सभागृहात कुजबुज झाली. बाकडी करकरली.

"हा, पण यादीत लेबान आहे!" सिल्वोने बोट आपटलं. "नंबर नऊ, लेबान. मी लेबान आहे, ही नाही!"

"पुढे वाच," झाल्का म्हणाली.

त्याने वाचलं. ब्लाझ लेबान, शिंपी. मुलगी नेझा. जावई मतिया. यादी झाली त्या १८७८ साली शिंप्याचं घर जुन्या मालकाच्याच नावावर चाललेलं, हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. गावात अजूनही अर्धी वीजबिलं मेलेल्या माणसांच्या नावावर येतात.

"आता शेवटचं पान. तुमचं, देवळामागचं."

सिल्वोने पान उचललं. ओठ हलले, आवाज आला नाही.

"अरे, मोठ्याने!" फ्रान्सेल.

"याकोब लेबान," सिल्वो वाचू लागला, हळू, शाळेत वाचायचा तसा. "शिंप्याकडून आलेला. आईबाप गेल्यावर चार वर्षांचा असताना मेहुणा मतिया फुर्लान याने सांभाळला, पोटच्या मुलासारखा वाढवला. आगीनंतर मतियाने त्याला देवळामागे जागा दिली आणि स्वतःच्या हाताने घर बांधून दिलं."

याकोब म्हणजे सिल्वोचा पणजोबा. त्याचा फोटो सिल्वोच्या बैठकीत चुलीवर टांगलेला, मिशा पिळलेल्या. ते घर, ती चूल, त्या चुलीमागची भिंत, सगळं त्या खोकेवाल्याने उभं केलेलं.

फ्रान्सेल हसला. पहिल्यांदा एकटा, मग त्याच्याबरोबर अख्खं सभागृह. गिरणीवाल्याकडची म्हातारी डोळे पुसत हसत होती. "अरे सिल्वो," ती म्हणाली, "तुला त्या खोक्यातूनच काढलाय रे!"

मतदान झालं. नऊ नंबरचा हिस्सा शिंप्याकडे. एकवीस हात वर, एक खाली, सिल्वोचा. मग तोही, जरा वेळाने, वर गेला.

सिल्वो उभा होता. त्याने टोपी काढली. मुद्दाम नव्हे, घाम पुसायला, पण ती त्याच्या हातात राहिली आणि तो ती नकळत पिळू लागला. झाल्काने ते पाहिलं. बापाची ती टोपी, ती बोटं तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि वाटलं, आत्ता बोलावं, सगळं बोलावं, तीस वर्षांचं एकदम. आईकडे बघितलं. आई सिल्वोच्या हातांकडेच बघत होती.

"म्हणजे माझ्या गाई..." सिल्वो म्हणाला. त्याच्याही गोठ्यात सहा होत्या.

"तुझ्या गाई माझ्या हिश्शात वर येतील," झाल्का म्हणाली. "नऊ नंबरवर चौदा चरू शकतात, माझ्या आठ आहेत. मतियाने पोराला घराबाहेर काढलं नाही, मी कशी काढू? पण दरवर्षी विचारायला यायचं. आमच्या दारात. टोपी हातात घेऊन. आणि माझ्या आईला विचारायचं, मला नाही."

सिल्वोने मान वर केली. त्याचे कान लाल झाले होते. तो टेबलाला वळसा घालून आला आणि अंगेलासमोर उभा राहिला.

"अंगेलामावशी," तो म्हणाला, "आणू का गाई?"

म्हातारीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. चांगला वेळ घेतला. तीस वर्षं थांबली होती, तिला कसली घाई?

"बघू," ती म्हणाली. "आधी घंटा आणून दे."

घंटेचं त्या दिवशी बहुतेकांच्या लक्षातही आलं नव्हतं. नऊ नंबरची गाय सगळ्यांच्या पुढे चालते, हा गावचा जुना पायंडा, आणि तिच्या गळ्यात ती मोठी पितळी घंटा, जिच्या पोटात दोन मुठी मावतात. ती इतकी वर्षं जूनपुरती देवळामागच्यांच्या गाईच्या गळ्यात आणि एरवी त्यांच्या माळ्यावर असायची.

व्यापाऱ्याला उर्शानेच फोन केला. काय बोलली ते कळलं नाही, पण बोलता बोलता ती गोठ्यात नाचत होती आणि गाई तिच्याकडे बघत रवंथ करत होत्या.

जूनच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी शिंप्याकडच्या अंगणात आठ गाई सजून उभ्या होत्या. शिंगांना देवदाराच्या डहाळ्या, कागदाची फुलं. पुढे करडी लिस्का, घरातली सगळ्यात थोरली. अख्खा रस्ता माणसांनी भरलेला. झाल्काने नवी चोळी घातली होती आणि तिला बसवत नव्हतं की उभं राहवत नव्हतं. घरात ठोकाठोकी चालली होती, कारण खिडकीचा आकडा गंजून बसलेला आणि म्हातारी हातोड्याने तो उचकटत होती. कुणाला हात लावू देत नव्हती. शेवटी एक जोराचा घाव बसला, आणि लाकडी दारं भिंतीवर आपटून सताड उघडली. रस्त्यावरून टाळ्या पडल्या. अंगेला दोन्ही कोपरं खिडकीत टेकून बसली, जणू काल संध्याकाळीच तिथून उठली होती.

सिल्वो आला. काखेत घंटा, राखेने घासून लखलखीत केलेली, आणि तिचा रुंद कातडी पट्टा. टोपी दुसऱ्या हातात. त्याने टोपी भिंतीच्या कडेवर ठेवली, लिस्काच्या मानेला हात घातला आणि स्वतःच्या हाताने पट्टा बांधला. लिस्काने मान हलवली. खोल, भारदस्त आवाज गल्लीतून वर डोंगराकडे गेला, आणि झाल्काला एकदम रडू फुटलं. इतके महिने थोपवलेलं सगळं. ती रडत होती आणि हसत होती आणि उर्शा तिला घट्ट धरून होती.

"बाबा असते तर..." एवढंच ती म्हणाली.

"चला!" फ्रान्सेल ओरडला. "नऊ नंबर पुढे!"

लिस्काने पाऊल उचललं, आणि तेवढ्यात वरून खिडकीतून अंगेलाचा आवाज आला.

"थांब रे सिल्वो! पट्टा सैल बांधलायस. एक भोक आवळ."

सिल्वोने वर बघितलं. मग निमूटपणे वाकून त्याने पट्टा एक भोक आवळला.

"आवळला, मावशी."

"आता जा," म्हातारी म्हणाली. आणि शेवटची गाय वळणाआड होईपर्यंत ती खिडकीतून हलली नाही.